दोन तारखांच्या मधले सहा महिने

स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं की भिलाईतल्या घरात साधारणपणे दोन गोष्टी येतात: औषधांची चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख. गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात. तारीख बहुधा सहा महिन्यांनंतरची असते. मधल्या काळात काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून घर आपल्या समजुतीनं वागतं. पासबुक काढून घेतलं जातं, स्कूटरची चावी लपवली जाते. भाजी आणायला दुसरं कुणी जाऊ लागतं. पाहुणे आले की "बाबांना जरा बरं नाही" म्हणून बाबांना आतल्या खोलीत बसवलं जातं. ज्यांच्याबरोबर तीस वर्षांची उठबस, ती मंडळी आधी हळहळतात, मग काही विचारायचं सोडून देतात आणि शेवटी बाबा समोर बसलेले असताना त्यांची चौकशी मुलाकडे करतात. यात दुष्टपणा कुठेच नसतो, सगळं काळजीपोटी चाललेलं असतं. पण सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणतात, "बरेच खाली आलेत." तेव्हा या घसरणीत आजाराचा वाटा किती आणि आपण त्यांना बाजूला काढत गेलो त्याचा किती, हे वेगळं करून कुणी पाहत नाही.

माझं म्हणणं याच सहा महिन्यांविषयी आहे. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या माणसाचे दिवस कसे जातील हे गोळीवर ठरतं, त्याहून जास्त आजूबाजूचे लोक त्याच्याकडून काय काढून घेतात आणि त्याच्याकडे काय राहू देतात, यावर ठरतं. ही बाब दवाखान्याच्या आवाक्यातली नाही, वस्तीच्या आवाक्यातली आहे. आणि भिलाईला ती जमू शकते, कारण तिला लागणाऱ्या बऱ्याच सवयी या गावानं पोलाद कारखान्यात अंगी बाणवून घेतल्या आहेत.

आपल्या मनात या आजाराचं चित्र शेवटच्या टप्प्याचं असतं: अंथरुणाला खिळलेलं, लेकरांना न ओळखणारं माणूस. सुरुवात तशी नसते. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात आधी बिघाड होतो तो नवी आठवण पक्की करणाऱ्या मेंदूच्या भागात. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी सांगता येत नाही, तोच प्रश्न तासाभरात तीनदा येतो. पण हातांनी वर्षानुवर्षं केलेली कामं मेंदूत वेगळ्या वाटेनं साठलेली असतात आणि ती बराच काळ शाबूत राहतात. मान-अपमान कळतो, गाण्याचा ताल कळतो, समोरचा आपल्याला टाळतोय हे तर फारच लवकर कळतं. हा टप्पा काही वर्षं चालू शकतो. म्हणजे तीन-चार वर्षं कामाच्या, गप्पांच्या, निर्णयांच्या लायकीचा असलेला माणूस आपण पहिल्याच महिन्यात निकालात काढतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि भिलाईच्या गल्लीत ऐकू येणारं 'सठिया गए हैं', दोन्ही एकच काम करतात: डॉक्टरकडे जायला उशीर करायला लावतात आणि गेल्यानंतर आशा सोडायला लावतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यांवर इलाज आहे. म्हणून पहिली पायरी दवाखान्याचीच, याबद्दल वाद नको.

औषधांविरुद्धही माझी तक्रार नाही. डोनेपेझिल या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा अनेकांना थोडा, काही काळापुरता उपयोग होतो. लेकानेमॅब या नव्या औषधाचा फार गाजावाजा झाला. त्याच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांनंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा फरक दिसला. विज्ञानाच्या दृष्टीनं तो मोलाचा आहे, घरातल्यांना मात्र तो जाणवेलच असं नाही. त्याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवून पाहावा. एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या २०१ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, सात आठवडे, अशा एकूण १४ बैठका. छोटा गट जमायचा, एखाद्या विषयावर बोलायचं, वस्तू हाताळायच्या, गाणं, पैशांचे हिशेब, बातम्या, खाद्यपदार्थ. 'काय आठवतं?' अशी परीक्षा घ्यायची नाही, 'काय वाटतं?' असं विचारायचं. गटात आलेल्यांची आकलनशक्ती आणि जगण्याचा दर्जा दोन्ही सुधारले, आणि हा फायदा त्या काळच्या औषधांच्या फायद्याच्या तोडीचा होता. आज ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिका सौम्य आणि मध्यम टप्प्यासाठी या गटबैठकांची शिफारस करते. चेन्नईतही ही पद्धत भारतीय वळणाची करून वापरली गेली आहे. फायदा चमत्काराएवढा नाही, पण खरा आहे. त्यासाठी लागतं काय? एक खोली, दोन शिकवलेली माणसं आणि नेमानं पाळलेली वेळ.

आता भिलाई. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्गजवळच्या माळावर देशभरची तरुण माणसं येऊन राहिली. मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूरचा कारभार नागपूरहून चालायचा, त्यामुळे वकील, मास्तर, कारकून अशी मराठी कुटुंबं इथं आधीपासून होती. कारखान्यानं त्यांत फिटर, फोरमन, इंजिनिअर यांची भर घातली. ज्यांनी भट्टी पेटताना पाहिली ती पिढी आता जवळजवळ संपली. त्यांच्यानंतर लागलेले साठी-सत्तरी ओलांडून बसले आहेत. या गावानं मुलांना शिकवलं, इंजिनिअर केलं आणि पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेला पाठवलं. निवृत्तीबरोबर अनेकांचं क्वार्टर सुटलं. कुणी नेहरूनगरला घर बांधलं, कुणी रिसालीकडे, कुणी लीजवर घेतलेल्या जुन्या क्वार्टरातच राहिलं. आपल्या शेजारात म्हातारं होण्याचं सुख त्यामुळे बऱ्याच जणांच्या वाट्याला आलं नाही. आणि शेजार सुटणं हे स्मृतिभ्रंशाच्या माणसाला फार महागात पडतं. जुन्या गल्लीत त्याला वाट आठवावी लागत नाही, पाय नेतात. नव्या कॉलनीत प्रत्येक वळण आठवावं लागतं.

या गावाच्या सवयींमध्ये एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे या आजाराच्या संदर्भात कुणी पाहिलेलं मला दिसत नाही. कारखान्यात स्मरणशक्तीवर भरवसा ठेवणं हा गुन्हा समजला जायचा. भट्टीचं टॅपिंग किती वाजता झालं, तापमान किती होतं, कुठला व्हॉल्व्ह बंद केला, सगळं लॉगबुकात. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला वही दाखवायची, तोंडी सांगायचं आणि मगच निघायचं. शटडाउन परमिटवर सही झाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, मग तुमचा अनुभव तीस वर्षांचा का असेना. "मला आठवतंय ना" असं म्हणणाऱ्याला फोरमन रागवायचा, कारण त्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असायचा. ज्याला सगळं तोंडपाठ तो हुशार, अशी त्या जगाची समजूत नव्हती. जो लिहून ठेवतो, पुन्हा तपासतो आणि साथीदाराला विचारायला लाजत नाही तो भरवशाचा.

हीच माणसं निवृत्त झाल्यावर घरात चिठ्ठी चिकटवलेली पाहून अपमानित होतात, कारण ती चिठ्ठी सुनेनं चिकटवलेली असते आणि तिच्यात आज्ञा असते: 'गॅस बंद करा'. त्याच माणसाच्या हातात जाड पुठ्ठ्याची वही, तारीख-वेळ-सहीचे रकाने आणि पेन देऊन पाहा. सकाळची गोळी: वेळ, सही. कोण आलं, काय ठरलं, कुणाला फोन करायचाय. संध्याकाळी बायको किंवा मुलगी आली की वहीवरून पाच मिनिटं शिफ्ट सोपवायची. ही सवय त्याच्या हातात चाळीस वर्षांपासून आहे, नव्यानं शिकायची नाही. नवं शिकणंच तर या आजारात अवघड असतं. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यावरच्या आधाराचा मुख्य नियम माझ्या मते हाच: माणसाची जुनी शिस्त शोधा आणि आधार तिच्यावर उभा करा. पुस्तकातून उचललेले ठोकळे आणि रंगकाम त्याच्या पुढ्यात टाकू नका. रेल्वेचे रूळ ज्यानं मोजून-पारखून पाठवले, त्याला फुलपाखरू रंगवायला बसवणं हा उपचार नव्हे.

बायकांच्या बाबतीत हाच नियम वेगळ्या जागी लागतो, आणि तिथं आपण जास्त चुकतो. देशभरातल्या साठीवरच्या लोकांच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये जो अंदाज आला, त्यानुसार भारतात ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांमध्ये ५.८ टक्के, बायकांमध्ये ९ टक्के. भाजीत दोनदा मीठ पडलं, दूध उतू गेलं की घरातल्या बाईला स्वयंपाकघरातून उठवलं जातं. 'आता आराम करा' हे वाक्य तिच्या कानांना निवृत्तीचं वाटत नाही, हकालपट्टीचं वाटतं. गॅसपाशी धोका असतो हे खरं. पण स्वयंपाक म्हणजे एकटी फोडणी नव्हे. निवडणं, सोलणं, कणीक मळणं, वाती वळणं, पापड लाटणं ही कामं बोटांना येतात. धोक्याचा तेवढा तुकडा दुसऱ्यानं घ्यावा, बाकीचं तिचंच राहू द्यावं. भिशीची वही ती सांभाळत असेल तर जोडीला एक जण द्यावी, वही काढून घेऊ नये. भजनी मंडळात तिला शब्द सापडत नसतील तर शेजारणीनं पहिला शब्द उचलून द्यावा. बहुतेक वेळा पुढचं कडवं तिचं तिला येतं.

भिलाईच्या रचनेविषयीही बोललं पाहिजे. सेक्टरांची आखणी सुबक आहे, झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत. पण एका साच्याची क्वार्टर्स ओळीनं उभी आणि पत्ता म्हणजे आकडे: स्ट्रीट अमुक, क्वार्टर तमुक. आकडा हीच गोष्ट आधी निसटते. एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात ब्रिटनमधल्या अभ्यासावरून दाखवलं की स्मृतिभ्रंश असलेली माणसं नकाशा आणि पाट्यांपेक्षा खुणांवर चालतात. वळणावरचं वेगळं झाड, रंगीत दार, टपालपेटी, पाण्याची टाकी. मग गल्लीच्या तोंडाशी एखादी ठळक, कायमची खूण, घरांच्या फाटकांना वेगवेगळे रंग, मध्ये बसायला कट्टे, एवढं करायला किती खर्च येतो? आणि कोपऱ्यावरचा किराणावाला, पानठेलेवाला, रिक्षावाला यांना अर्ध्या तासात एवढं शिकवता येतं की गोंधळलेल्या माणसाला प्रश्नांनी घेरायचं नाही, आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग सावकाश विचारायचं. जपाननं २००५ पासून असे अल्प शिक्षण घेतलेले मदतनीस तयार केले आणि त्यांची संख्या कोटीच्या वर गेली.

कानांचाही प्रश्न इथं इतर गावांपेक्षा मोठा असणार. रोलिंग मिल, ब्लोअर, पॉवर प्लांट यांच्या आवाजात आयुष्य काढलेल्यांना कमी ऐकू येणं नवलाचं नाही, आणि ऐकू न येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी ठळक कारण मानलं जातं. अमेरिकेतल्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तिच्यात स्मृतिभ्रंश नसलेल्या वृद्धांना श्रवणयंत्रं देऊन पाहिलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक पडला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आजार आधीच सुरू झालेल्या माणसाला श्रवणयंत्रानं स्मरण परत मिळेल असा दावा मी करत नाही. पण ज्याला ऐकूच येत नाही तो गटबैठकीत बसून काय करणार? आधाराच्या कामाचा पहिला दिवस म्हणूनच कान तपासण्याचा असावा.

हे सगळं घरच्यांनीच करायचं का? "आपल्याकडे कुटुंब आहे, परदेशासारखं नाही," हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात एक बाई असते. सत्तरीची पत्नी, किंवा नोकरी सोडून आलेली मुलगी, किंवा सून. तिच्यावर सगळं टाकून आपण त्याला संस्कृती म्हणतो. तिलाही आधार लागतो, आणि तो दिल्यानं काय होतं याचा भक्कम पुरावा आपल्याच देशात, गोव्यात आहे. डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिथं ८१ कुटुंबांबरोबर काम केलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. घरोघरी जाणाऱ्या सल्लागार डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या आणि कामाची ओढ असलेल्या व्यक्तींना शिकवून तयार केलं होतं. त्या सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात. आजार काय आहे ते समजावत, आंघोळ-जेवणाच्या अडचणींवर मार्ग सुचवत, सरकारी योजनांची माहिती देत, लागलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवत आणि अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं, त्यांना जाणवणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात आणि क्षमतेत दिसलेला फरक मात्र आकड्यांच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मला तरीही तो अभ्यास निर्णायक वाटतो, कारण त्यानं एक सबब काढून घेतली. तज्ज्ञ नाहीत म्हणून काही करता येत नाही, असं आता म्हणता येणार नाही.

छत्तीसगडला तर अशी माणसं शोधायलाही जायला नको. २००२ मध्ये सुरू झालेला, वस्तीतल्या आरोग्यसेविकांचा मितानिन कार्यक्रम देशातल्या 'आशा' योजनेच्या आधीचा आहे. या राज्याच्या वस्त्यांमधून मितानिन बाई कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला खोकला आहे, हे जाणून असते. मुळात या मातीत रक्ताबाहेरचं नातं बांधण्याची रीत आहे. भोजलीच्या सणात कोवळे अंकुर एकमेकींच्या कानावर खोवून मैत्रिणी जन्माच्या नात्यात बांधल्या जातात, आणि मग सुखदुःखात ते घर आपलं मानावं लागतं. अशा समाजात 'घरचं दुखणं घरात' ही भिंत पाडणं इतरांपेक्षा सोपं असायला हवं. मात्र एक अट मी इथंच घालतो: मितानिनच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे आणि हातात पैसे थोडे. स्मृतिभ्रंशाचं काम द्यायचं तर त्याचं वेगळं शिक्षण आणि वेगळं मानधन द्यावं. फुकटच्या सेवाभावावर योजना आखली की ती दोन वर्षांत विझते आणि दोष बायकांना लागतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सेक्टरांच्या बाहेर पाहू. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत राहून अभ्यास केला आणि २०२० मध्ये 'क्लासेस ऑफ लेबर' हा ग्रंथ लिहिला. कारखान्याचा कायम कामगार आणि ठेक्यावरचा मजूर ही एकाच भट्टीभोवतीची दोन वेगळी जगं आहेत, हे त्यांनी तपशिलानं दाखवलं. निवृत्त कायम कामगाराला सेक्टर ९ चं रुग्णालय आहे. ठेकेदाराकडे तेच लोखंड वाहणाऱ्या म्हाताऱ्याला आणि रेजा म्हणून विटा-सिमेंट उचललेल्या म्हातारीला ते नाही. वर सांगितलेल्याच पाहणीत खेड्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ८.४ टक्के आणि शहरांत ५.३ टक्के निघालं. म्हणजे गरज जिथं जास्त, तिथं या गटबैठकांचं केंद्र कधी निघणार नाही, अशी भीती आहे. सिव्हिक सेंटरजवळ चकचकीत खोली उघडून फोटो काढले तर ते काम माझ्या लेखी अर्धंही नाही. सुपेल्याच्या किंवा खुर्सीपारच्या वस्तीतलं केंद्र त्याच दिवशी उघडलं पाहिजे. तिथल्या माणसाला लॉगबुक उपयोगी नाही, कारण त्याला लिहायला शिकवलंच नाही. त्याच्यासाठी वस्तू, चित्रं, रंगीत डबे आणि कामाची गाणी लागतील.

मराठी मंडळांना इथं खास काम आहे. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षरांमध्येही होता. भिलाईत तर दोन-तीन भाषांशिवाय कुणाचा दिवस जात नाही. पण आजार पुढे सरकला की उशिरा शिकलेली भाषा अनेकांची आधी विरळ होते आणि आईच्या भाषेकडे ओढ वाढते. चाळीस वर्षं कारखान्यात हिंदीत वावरलेले काका घरातही मराठीच बोलू लागतात. नातवंडांना ती येत नाही आणि तपासणाऱ्याला तर नाहीच. हिंदीतल्या प्रश्नावलीत कमी गुण मिळाले म्हणून आजार वाढला असं समजण्याची चूक इथं सहज होऊ शकते. गणेशोत्सवाचा कार्यक्रम आखणाऱ्या मंडळानं या गटबैठकांची आठवड्यातली दोन दुपारची सत्रं मराठीत चालवावीत. सेक्टर ६ च्या कालीबाडीनं ती बंगालीत चालवावीत, मल्याळी मंडळींनी आपली. एकाच शहरात इतक्या भाषांची संघटित मंडळं शाबूत असणं ही फार थोड्या गावांची मिळकत आहे.

शेवटी निर्णयांचा प्रश्न. मृत्युपत्र, बँकेतला जोडीदार, उपचारांविषयीची इच्छा हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यावरच ठरवता येतं, नंतर कायदा सही मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती आधीच नेमण्याचा आणि उपचारांबाबत आगाऊ लेखी सूचना देण्याचा हक्क दिला आहे. केंद्रात महिन्यातून एकदा वकील बसला तर हे कागद वेळेवर होतील. आणि केंद्र कसं चालावं हेही ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ठरवू द्यावं. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांचा स्वतःचा गट आहे, तो सरकारशी स्वतः बोलतो. भिलाईच्या केंद्राच्या समितीत निदान दोन जागा अशा माणसांच्या असाव्यात, आणि बैठक त्यांना झेपेल अशी घ्यावी: विषय आदल्या दिवशी कागदावर पोचवायचे, एका वेळी एकच विषय घ्यायचा, दोघांनी एकदम बोलायचं नाही, पाऊण तासात थांबायचं, आणि काय ठरलं ते उठण्याआधी वहीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवायचं.